युफोनियमचा माउथपीस कसा निवडावा: आधी शँक, मग रिम, कपचा विचार त्यानंतर

युफोनियम या पितळी फुंकवाद्यासाठी नवा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास नंबरचा येतो. ‘४एएल घेऊ की ५१डी?’ या प्रश्नाला उत्तर आहे, पण त्याची वेळ बरीच नंतर येते. आपल्या वाद्याचा रिसीव्हर (माउथपीस ज्यात बसतो ती नळी) कोणत्या मापाचा आहे हे न बघता नंबर ठरवला, तर चांगल्या कंपनीचा महागडा माउथपीससुद्धा डुगडुगतो, हवा गळते, सूर जागेवर राहत नाहीत. मग वादक स्वतःच्या ओठांना दोष देतो आणि आणखी मोठा माउथपीस शोधायला लागतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका टप्प्यावरची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

तयारी: हाताशी काय हवं

एक व्हर्नियर कॅलिपर (साधा चालेल), व्हाइटबोर्डचा मार्कर, ट्यूनर किंवा फोनमधलं ट्यूनर ॲप, वही, आणि तुम्ही सध्या वाजवता तो माउथपीस. जुना माउथपीस नवीन येईपर्यंत कुणाला देऊन टाकू नका. तुलना त्याच्याशीच करायची आहे.

टप्पा १: तक्रार नेमकी काय, आणि ती माउथपीसचीच आहे का

वहीत एका वाक्यात लिहा: आत्ता काय जमत नाही? ‘आवाज चांगला नाही’ असं लिहून उपयोग नाही. ‘खर्जातले सूर धरताना हवा पुरत नाही’, ‘अर्ध्या तासात ओठ थकतात’, ‘वरचा एफ चढा लागतो’ असं नेमकं लिहा. पुढची सगळी निवड या वाक्यावर ठरणार आहे.

मग वाद्य तपासा. प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा. दोन-तीन सेकंद थांबून व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक’ असा आवाज आला तर तिथे हवा धरून राहते. आवाज आलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा स्लाइड गळते आहे. वॉटर-कीचा (साचलेलं पाणी सोडायच्या झडपेचा) कॉर्क झिजलेला आहे का तेही बघा. गळक्या वाद्यावर माउथपीसची पारख होत नाही. आधी ते दुरुस्त करून घ्या.

आपल्याकडच्या बँडांमध्ये जुनी ब्रिटिश वाद्यं अजून वापरात आहेत, त्यांच्याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘हाय पिच’वर वाजत असत. त्यांचा ए हा सूर सुमारे ४५२ हर्ट्झचा, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळपास पाव स्वर वर. अशा वाद्याची ट्यूनिंग स्लाइड पूर्ण बाहेर काढली तरी ते चढंच राहतं. कोणताही माउथपीस एवढा फरक भरून काढत नाही. त्यासाठी नळीची लांबी वाढवून घ्यावी लागते, आणि ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचं काम आहे.

> तपासा: तक्रार लिहिली आहे, वाद्य गळत नाही, मुख्य बी-फ्लॅट ४४० च्या हिशेबाने ट्यूनिंग स्लाइड हलवून जुळतो. हे तिन्ही झालं असेल तर पुढे चला.

टप्पा २: रिसीव्हरचं माप ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

माउथपीसचा जो भाग वाद्यात जातो तो शँक, आणि तो ज्यात जाऊन बसतो तो रिसीव्हर. युफोनियमच्या जगात शँकची तीन मापं आहेत. टोकाशी बाहेरून मोजलं तर साधारण असं दिसतं:

- लहान शँक: सुमारे ११ मिमी. साध्या टेनर ट्रॉम्बोनचा आणि ब्रिटिश पद्धतीच्या बॅरिटोनचा शँक हाच.
- मधला शँक (याला युरोपियन शँकही म्हणतात): १२ मिमीच्या थोडा आत.
- मोठा शँक: १२.५ ते १२.७ मिमी. मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) ट्रॉम्बोनचाही हाच.

यामाहाच्या तीन व्हॉल्व्हच्या वायईपी-२०१ ला आणि चार व्हॉल्व्हच्या वायईपी-३२१ ला लहान शँक लागतो. त्याच कंपनीच्या वायईपी-६४२ आणि वायईपी-८४२ या कॉम्पेन्सेटिंग (जादा नळीने खालचे सूर जुळवून देणाऱ्या) युफोनियमना मोठा. बेसन आणि बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपन्यांच्या १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या युफोनियमना बहुधा मधला लागतो, नंतरच्या बेसनना मोठा. ‘बेसन आहे ना, मग मोठा शँक’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. वाद्य कोणत्या काळातलं हे कळल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. मेरठला बनलेल्या वाद्यांच्या बाबतीत तर नावावरून काहीच धरून चालू नका. तिथे माप एका वाद्यापासून दुसऱ्यापर्यंत बदलू शकतं.

मोजायचं असं: रिसीव्हरच्या तोंडाचा आतला व्यास कॅलिपरने घ्या. शँक निमुळता असतो, साधारण २० मिमी लांबीला १ मिमी इतका, आणि तो रिसीव्हरमध्ये इंचभर आत जातो. त्यामुळे रिसीव्हरचं तोंड शँकच्या टोकापेक्षा सव्वा मिमीच्या आसपास मोठं भरायला हवं. तोंडाशी बारा-सव्वाबारा मिमी आलं तर रिसीव्हर लहान, तेराच्या जवळ आलं तर मधला, पावणेचौदाकडे झुकलं तर मोठा. दोन मापांच्या मधलाच आकडा आला तर रिसीव्हर झिजलेला किंवा ठोकून-ठाकून बदललेला असू शकतो. तेव्हा प्रत्यक्ष माउथपीस बसवूनच ठरवा.

या निमुळतेपणाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. व्यासात ०.१ मिमीचा फरक पडला की शँक २ मिमी जास्त किंवा कमी आत जातो. डोळ्यांना न दिसणारा फरक सुरात मात्र ऐकू येतो.

> सावधान: मधल्या रिसीव्हरमध्ये मोठा शँक ‘बसतो’, कारण तो थोडासा आत जातो आणि घट्ट वाटतो. पण तो निम्म्याहून जास्त बाहेरच राहतो. घट्ट बसला म्हणजे माप बरोबर आहे असं नाही.

टप्पा ३: शँक नीट बसतो का

योग्य मापाचा माउथपीस हाती आल्यावर तीन गोष्टी बघा.

पहिली, डुगडुग. माउथपीस हलक्या हाताने आत ठेवा, पिळू नका. रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. जराही हलला तर शँकचा निमुळतेपणा आणि रिसीव्हरचा निमुळतेपणा जुळत नाही.

दुसरी, खोली. रिसीव्हरच्या तोंडाशी शँकवर मार्करने रेघ मारा, बाहेर काढा, टोकापासून मोजा. २० ते २५ मिमी आत गेला असेल तर ठीक. १० मिमीच गेला असेल तर शँक मोठा पडतो. रेघ कपाच्या बुडाजवळच आली तर लहान पडतो.

तिसरी, संपर्क. शँकवर मार्करच्या चार उभ्या रेघा ओढा, माउथपीस घालून पाव वळसा फिरवा, काढा. रेघा सगळ्या लांबीवर सारख्या पुसल्या गेल्या तर उत्तम. फक्त टोकाशी किंवा फक्त वरच पुसल्या गेल्या तर तेवढ्याच जागी धातूला धातू लागतो आहे. टोक चेपलेलं असलं तरी असंच होतं. गोलाई बिघडलेलं टोक कारागीर मँड्रेल (निमुळता लोखंडी दांडा) घालून सरळ करून देतो, त्यासाठी माउथपीस टाकून द्यायची गरज नाही.

लहान शँकला मोठा करणारी पितळी टोपी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, मिळते. पारख करण्यापुरती ती चालते. कायमसाठी वापरू नका. आतल्या नळीत पायरी तयार होते आणि सूर इकडे-तिकडे होतात. शँकवर टेप किंवा कागद गुंडाळणं हा तर उपायच नाही.

> सावधान: माउथपीस बसवताना त्यावर तळहाताने थाप मारू नका. तो आत अडकतो. बसवताना किंचित पिळत ढकला, एवढं पुरतं.

टप्पा ४: रिम

आता ओठांकडे या. रिम म्हणजे ओठांना टेकणारी कड. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या: आतला व्यास, कडेची रुंदी, आणि आतली धार.

युफोनियमला चालणारे बहुतेक माउथपीस आतून २५ ते २६ मिमीच्या आसपास असतात. बाख ६½एएल सुमारे २५.४, डेनिस विक ६बीएल साधारण तेवढाच, बाख ५जी २५.५, आणि डेनिस विक ४एएल २६ च्या जवळ. विद्यार्थ्यांच्या ट्रॉम्बोनबरोबर येणारा बाख १२सी साडेचोवीसच्या आसपास असतो. युफोनियमवर तो बहुतेकांना अरुंद पडतो.

हे आकडे ऐकून ‘अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय’ असं वाटेल. ओठांना अर्धा मिलिमीटर स्पष्ट कळतो. मात्र प्रत्येक कंपनी व्यास रिमच्या वेगवेगळ्या खोलीवर मोजते. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार बारीक तुलना करू नका.

जाड ओठांना मोठी रिम आणि पातळ ओठांना लहान, हा सरसकट नियम खोटा आहे. ओठांच्या जाडीपेक्षा दात कसे आहेत, रिम ओठांवर कुठे बसते आणि ओठांचे स्नायू किती तयार आहेत यावर ते जास्त अवलंबून असतं. रुंद रिम दाब पसरवते, त्यामुळे जास्त वेळ वाजवता येतं, पण सुरांवरून उड्या मारताना ती थोडी जड वाटते. अरुंद रिम चपळ, पण दाब देऊन वाजवणाऱ्याच्या ओठांत रुतते. आतली धार तीक्ष्ण असेल तर टंगिंग (जिभेने सूर तोडणं) स्वच्छ येतं. तीच धार लांब मिरवणुकीत ओठ सोलूही शकते.

टप्पा १ मधली तक्रार ‘लवकर थकतो’ अशी असेल तर आधी रिमची रुंदी बघा. व्यास लहान करायची घाई करू नका.

> तपासा: वाजवून झाल्यावर आरशात बघा. ओठांवर उमटलेलं वर्तुळ सगळीकडे सारखं हवं. एका बाजूला खोल, लालभडक असेल तर रिमच्या आधी वाद्य धरण्याची पद्धत सुधारा.

टप्पा ५: कप आणि थ्रोट

युफोनियमचा आवाज गोल, मऊ, भरीव यायला हवा असेल तर कप खोल आणि फनेलकडे झुकणारा हवा. ट्रॉम्बोनचा उथळ कप लावला तर शँक जुळला तरी आवाज धारदार आणि ट्रॉम्बोनसारखाच येतो. दुकानातली ‘ट्रॉम्बोन/युफोनियम’ ही चिठ्ठी फक्त शँक चालेल एवढंच सांगते. बाख ६½एएल मूळचा ट्रॉम्बोनच्या मालिकेतला असूनही युफोनियमवर चालतो, कारण त्याचा कप बऱ्यापैकी खोल आहे.

पण खोलीलाही मर्यादा असते. कप जितका खोल तितकं वरचे सूर गाठायला श्वास आणि ओठ जास्त लागतात, आणि वरचे सूर उतरायलाही लागतात. लग्नाच्या वरातीत दोन-तीन तास चालत वाजवणाऱ्याने हॉलमधल्या सोलो वादकाचा माउथपीस जसाच्या तसा घेणं मला पटत नाही. मोकळ्या जागेत, ढोल-ताशाशेजारी, किंचित उथळ कपाचा आवाज पुढे पोचतो आणि वादकही टिकतो.

थ्रोट म्हणजे कपाच्या बुडाचं भोक, साधारण साडेसहा ते साडेसात मिमी. रुंद थ्रोटला हवा जास्त लागते. कुणी ‘थ्रोट ड्रिल करून मोठा करून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. एकदा कापलेला धातू परत येत नाही.

टप्पा ६: आता नंबर वाचा

नंबर वाचताना कंपनी बदलली की नियम उलटतो, आणि लोक इथेच फसतात.

बाख आणि डेनिस विकमध्ये आकडा जितका लहान तितका माउथपीस मोठा: ४ हा ६ पेक्षा मोठा. शिल्की आणि यामाहामध्ये आकडा जितका मोठा तितका माउथपीस मोठा: ५१ हा ४८ पेक्षा मोठा. युफोनियमवर वाजणारा ‘५१डी’ हा शिल्कीचा आहे. त्यामुळे बाखचा हिशेब लावून तो ‘अगदी छोटा’ समजू नका.

डेनिस विकमध्ये शेवटचं अक्षर शँकचं: ‘एल’ मोठा, ‘एम’ मधला, ‘एस’ लहान. ६बीएल आणि ६बीएस ओठांना सारखे लागतील, पण एकाच वाद्यात दोन्ही बसणार नाहीत. इतर कंपन्यांमध्ये शँक नावात असेलच असं नाही. ऑर्डर देताना तो वेगळा विचारा आणि लेखी घ्या.

सुरुवात कुठून करावी? माझं मत असं:

- लहान रिसीव्हरचं वाद्य, शिकणारा मुलगा किंवा मुलगी: बाख ६½एएल लहान शँकमध्ये, किंवा यामाहा ४८.
- मोठा रिसीव्हर, दोन-तीन वर्षं नियमित वाजवणारा: डेनिस विक ६बीएल किंवा शिल्की ५१डी.
- मोठा रिसीव्हर, रोज तास-दोन तास रियाज करणारा, श्वास तयार असलेला: डेनिस विक ४एएल किंवा त्याच कंपनीचा एसएम४.
- मधला रिसीव्हर: डेनिस विकचा ‘एम’ अक्षराचा. इथे पर्याय कमी आहेत, म्हणून घाईत मोठा शँक घेऊन वेळ मारून नेऊ नका.

मित्राच्या आवाजावर भाळून त्याचा नंबर घेऊ नका. त्याचे दात, त्याचा श्वास आणि त्याचं वाद्य तुमचं नाही.

टप्पा ७: वाजवून पारख

दुकानात उभं राहून पाच मिनिटं जोरात वाजवणं ही पारख नव्हे. नवा माउथपीस पहिल्या दिवशी बहुतेक वेळा छान वाटतो, कारण दाब ओठांवर नव्या जागी पडतो आणि थकलेल्या जागेला विसावा मिळतो. ही भावना काही दिवसांत ओसरते.

पारख घरी, स्वतःच्या वाद्यावर, या क्रमाने करा:

१. जुन्या माउथपीसवर नेहमीसारखे ओठ गरम करा आणि मुख्य बी-फ्लॅट ट्यूनरवर जुळवा. स्लाइडच्या जागेवर खूण करा.

२. व्हॉल्व्ह न दाबता खालून वर सूर वाजवा (कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे पियानोवरच्या सुरांच्या नावांनी): बी-फ्लॅट, एफ, बी-फ्लॅट, डी, एफ, बी-फ्लॅट. ट्यूनरकडे न बघता सूर स्थिर करा आणि मग बघा. बघत बघत वाजवलं तर ओठ नकळत सूर ओढून जुळवतात. प्रत्येक सूर किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा किंवा उतरलेला ते लिहा.

३. माउथपीस बदला. मुख्य बी-फ्लॅट पुन्हा जुळवा. तेच सूर, तशीच नोंद.

इथे दोन सुरांवर लक्ष ठेवा. डी हा पाचवा पार्शल (एकाच नळीतून निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतला पाचवा), आणि निसर्गतः तो १४ सेंट उतरलेला असतो. सहावा पार्शल म्हणजे वरचा एफ, आणि त्यातूनच निघणारे ई व ई-फ्लॅट, अनेक युफोनियमवर चांगलेच चढे असतात. नव्या माउथपीसने हा चढ कमी केला तर ती मोठी कमाई समजा. वाढवला तर आवाज कितीही गोड असला तरी तो माउथपीस बाजूला ठेवा.

४. खर्जातला बी-फ्लॅट अगदी हळू फुंकेने सुरू करा, दहा वेळा. किती वेळा सूर लगेच लागला आणि किती वेळा आधी नुसती हवा आली?

५. तुमच्या रोजच्या वाजवण्यातली एक संथ आणि एक जलद चाल दोन्ही माउथपीसवर रेकॉर्ड करा. फोन निदान चार-पाच मीटर लांब ठेवा. युफोनियमचं भोंग्यासारखं तोंड (बेल) वरच्या बाजूला असतं, त्यामुळे वादकाला स्वतःचा आवाज श्रोत्यापेक्षा वेगळा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी, कोणता कुठला हे न सांगता, कुणाला तरी ऐकवा.

> सावधान: एका बैठकीत दोनपेक्षा जास्त माउथपीस तपासू नका. तिसऱ्यापर्यंत ओठ थकलेले असतात आणि सगळा दोष त्याच्या वाट्याला जातो.

टप्पा ८: ठरवल्यावर सवय लावा

निवड झाली की जुना माउथपीस कपाटात ठेवा आणि निदान दोन आठवडे फक्त नवाच वाजवा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असं केलं तर ओठ कशालाच सरावत नाहीत. पहिल्या आठवड्यात वरचे सूर डगमगतील, ते चालतं. दोन आठवड्यांनंतर टप्पा ७ ची नोंद पुन्हा करा आणि टप्पा १ मध्ये लिहिलेली तक्रार वाचा. ती कमी झाली नसेल तर माउथपीस परत करा किंवा विका.

वेळही बघून निवडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा माउथपीस बदलू नका. परीक्षेच्या तोंडावरही नको. बँडवाल्यांसाठी आषाढी एकादशीनंतर गणपती येईपर्यंतचा काळ यासाठी सगळ्यात चांगला.

टप्पा ९: जुना किंवा स्वस्त माउथपीस घेताना, आणि नंतरची निगा

थ्रोटमधून उजेडाकडे बघा. भोक मधोमध आणि गोल दिसलं पाहिजे. स्वस्त मालात ते कधी एका बाजूला सरकलेलं असतं. रिमवरून नख फिरवा, खरखर किंवा खाच लागली तर घेऊ नका. टोक गोल आहे का ते कॅलिपरने दोन दिशांनी मोजा.

रिमचं चांदीचं पाणी उडून पितळ उघडं पडलं असेल तर पुन्हा प्लेटिंग करून घ्या, मगच ओठांना लावा. कापायला सोपं जावं म्हणून अशा पितळात शिसं मिसळलेलं असू शकतं. चांदीने ओठांना खाज किंवा पुरळ येत असेल तर सोन्याचं प्लेटिंग किंवा प्लॅस्टिकचा माउथपीस घ्या.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि माउथपीसचा निमुळता ब्रश वापरा. पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यांना चांदीच्या प्लेटिंगजवळ आणू नका, थर झिजतो. थ्रोटमध्ये साचलेला मळ भोक अरुंद करतो. आठवड्यातून एकदा तरी ब्रश आतून फिरवा.

माउथपीस रिसीव्हरमध्ये अडकलाच तर पक्कड, हातोडी, दारात पकडून ओढणं यातलं काही करू नका. लीडपाईप (रिसीव्हरनंतरची पहिली नळी) पिळला जातो आणि त्याची दुरुस्ती माउथपीसपेक्षा महाग पडते. माउथपीस पुलर नावाचं छोटं साधन त्यासाठीच असतं, आणि बँडच्या बहुतेक दुरुस्तीवाल्यांकडे ते मिळतं.